माकडहाडाजवळचं गळू पुन्हा पुन्हा का येतं आणि त्याचं काय करायचं

विचारणारा तरुण सव्वीस वर्षांचा आहे, हर्णैहून मुंबईला मासळीचा टेम्पो नेतो. चार वर्षांपूर्वी माकडहाडावर गळू आलं, ते कापून पू काढला. वर्षभराने पुन्हा आलं. तेव्हा ‘पायलोनायडल सायनस’, म्हणजे केस शिरून कातडीखाली झालेली पू वाहणारी वाट, असं निदान होऊन ऑपरेशन झालं, मधोमध सरळ टाके घातले. बाराव्या दिवशी टाके उसवले आणि जखम भरायला तीन महिने गेले. आता पुन्हा तिथेच लस येते, चड्डीला डाग पडतो, लांबचा फेरा झाला की ठणका लागतो. कुणी म्हणतं लेझर कर, कुणी म्हणतं क्षारसूत्र कर. घरचे म्हणतात अंगात उष्णता आहे, मासे बंद कर. दिवाळीनंतर लग्नाचं बघणार आहेत. त्याचा प्रश्न आहे: हे जन्मभर असंच चालायचं का?

नाही. हा आजार साधारण वयात आल्यावर सुरू होतो आणि चाळिशीनंतर बहुतेकांच्या बाबतीत आपोआप मागे पडतो. पण तोवर थांबायची गरज नाही. मी जनरल सर्जन आहे, माझी सगळी प्रॅक्टिस कोकणातच झाली, आणि तुमच्यासारखे दोन-दोन, तीन-तीन वेळा कापून घेतलेले रुग्ण नंतर पूर्ण बरे झालेले मी पाहिले आहेत. त्यासाठी आधी एक समज मात्र बदलावी लागते. तुमचं गळू परत आलं ते रक्त खराब आहे म्हणून नाही, आणि आधीच्या सर्जनने मांस कमी कापलं म्हणूनही बहुधा नाही. दोन कुल्ल्यांमधली घळ होती तेवढीच खोल राहिली, तिच्यात केस पडत राहिले, आणि टाक्यांची रेघ नेमकी त्या घळीच्या तळाशी आली. पुढचं ऑपरेशन किती मोठं हा प्रश्न दुय्यम आहे. त्याने घळ उथळ होणार का, आणि जखम मधल्या रेषेपासून बाजूला जाणार का, हे विचारा.

आत नेमकं काय होतं ते सांगतो. गुदद्वाराच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर, अगदी मधोमध, टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन छिद्रं असतात. नीट उजेडात कातडी दोन्ही बाजूंना ताणून धरली तरच ती दिसतात. कधी त्यातून केसाचं टोक डोकावतं. चिमट्याने ते हळू ओढलं की एकामागून एक केस येत राहतात, कधी कधी अख्खा पुंजका. हे केस तिथे उगवलेले नसतात, बाहेरून शिरलेले असतात. भाताच्या पेंढ्यातलं कुसळ कपड्यात घुसलं की चालताना पुढेच सरकतं, मागे येत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेल. केसावरही सूक्ष्म खवले असतात. घळीत पडलेला केस कुल्ले एकमेकांवर घासताना मुळाकडच्या बाजूने कातडीत शिरतो आणि मग आतच जात राहतो. शरीर त्याला परकं समजतं, पू करतं, आणि तो पू वाट फुटेल तिथे, बहुधा मधल्या रेषेच्या वर आणि एका बाजूला, बाहेर पडतो. म्हणजे गळू जिथे फुटतं ती जागा आजाराचं दार नव्हे. दार ती मधली बारीक छिद्रं.

जर्मनीत संशोधकांनी अशा सायनसमधले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यातले बरेचसे डोक्याचे, कात्रीने किंवा मशीनने कापलेले छोटे तुकडे निघाले. मानेवरून पाठीवर घसरत ते खाली येतात. केशकर्तन करणाऱ्यांना हाच आजार बोटांच्या बेचक्यात होतो, तोही गिऱ्हाइकांच्या केसांनी. आपल्याकडे जुनी माणसं केस कापून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावू देत नसत. आता बाजारातल्या सलूनमधून उठून लोक तसेच कामाला जातात. तुम्ही ती जुनी रीत परत सुरू करा.

पूर्वी सर्जनही हा आजार जन्मजात गाठीचा समजत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात तो इतका बळावला की 1941 ते 1945 मध्ये 75 हजारांहून जास्त सैनिकांना त्यासाठी दाखल करावं लागलं. लुई ब्यूई या डॉक्टरांनी 1944 साली त्याला ‘जीपचा आजार’ असं नाव दिलं, कारण खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये तासन् तास आदळणाऱ्या पोरांना तो जास्त दिसे. गाठ मुळापासून काढायची म्हणून हाडापर्यंत रुंद कापत, महिनोन् महिने जखम भरायची वाट बघत, आणि तरी तो परत येई. पुढे ग्रीक लष्करातले सर्जन जॉर्ज कॅरिडाकिस यांनी 1973 मध्ये वेगळी पद्धत मांडली. बाधित भाग एका बाजूला कलता कापायचा, दुसऱ्या बाजूची कातडी खालून सोडवून ओढून आणायची, म्हणजे टाक्यांची रेघ मधोमध न येता बाजूला येते आणि घळ सपाट होते. 1992 पर्यंत त्यांनी साडेसहा हजारांवर रुग्णांचं असं ऑपरेशन केलं होतं आणि परत होण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत असल्याचं लिहिलं. अमेरिकेतल्या ऑरेगनचे जॉन बॅस्कम वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. त्यांचं ‘क्लेफ्ट लिफ्ट’ हे ऑपरेशनही घळच उचलून उथळ करतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला तपासल्याशिवाय अमुकच करा असं मी सांगणार नाही, पण तपासताना काय बघायचं ते सांगता येतं. पहिली गोष्ट, हे खरंच तेच आहे का. छिद्र गुदद्वाराच्या जवळ असेल तर भगंदर असू शकतो. त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे, आणि शंका असली तर एमआरआय करून मगच पुढे जायचं. काखेत, जांघेतही वारंवार गळवं येत असतील तर तो कातडीचा वेगळा आजार असतो. महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेच्या बाबतीत आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो, म्हणून कापलेला तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे. मागच्या वेळचा अहवाल असेल तर तो सोबत न्या, नसेल तर या वेळी मागून घ्या. साखर एकदा तपासा, वय कमी असलं तरी. वर्षानुवर्षं वाहत राहिलेल्या सायनसमध्ये क्वचित कर्करोग होतो. तुमच्या वयाला ती भीती बाळगायची गरज नाही, पण वडीलधाऱ्यांपैकी कुणी वीस वर्षांचं असं दुखणं अंगावर काढत असेल तर त्यांना दाखवायला न्या.

सध्या नुसती लस येते आहे, ताप नाही, सूज नाही, तर घाई नाही. पण अचानक फुगलं, लाल झालं, बसवेना, ताप आला, तर त्या दिवशी गोळ्या खात बसू नका. पू साठला की अँटिबायोटिकने तो जिरत नाही, बाहेरच काढावा लागतो. भूल देऊन छोटा छेद घेतात, तोही मधल्या रेषेवर न घेता बाजूला घ्यावा. तेवढ्याने कायमचं बरं होतं असं मानू नका. तेवढ्याने आग विझते, आणि मूळ उपचार काही आठवड्यांनी शांतपणे ठरवता येतो. पोटीस, बिब्बा, गरम तेल यातलं काही लावू नका. बिब्ब्याने कातडी जळून आलेले रुग्ण बघितले की वाईट वाटतं, कारण मग त्या भाजलेल्या कातडीवर टाके घेता येत नाहीत. मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, टाचांच्या भेगांना उत्तम, इथे नाही.

लेझरचा गोंधळ फार आहे. लेझर म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिल्या जातात. एकात बारीक तार आत घालून सायनसची वाट आतून जाळतात. जखम छोटी, माणूस दोन-चार दिवसांत कामावर. पहिल्यांदाच झालेल्या, एक-दोन छिद्रांच्या साध्या आजारात हे करून बघायला हरकत नाही. बॅस्कम यांची नुसती छिद्रं कोरून काढायची पद्धतही त्याच जातीची, छोटी आणि स्वस्त. पण या दोन्हींनी घळीचा आकार बदलत नाही. आधी कापून झालेल्या, मधोमध व्रण असलेल्या, दोनदा परत आलेल्या तुमच्या आजारात मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. दुसरं लेझर म्हणजे केस कमी करण्याचं. ते मात्र तुम्हाला सांगेनच. अमेरिकेत 11 ते 21 वयाच्या सुमारे 300 रुग्णांवर एक चांगला अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या काळजीबरोबर केसांचं लेझर केलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे 10 टक्क्यांना आजार परतला, नुसती नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी सुमारे 34 टक्क्यांना. तुम्ही त्या वयोगटापेक्षा मोठे आहात, पण कारण तेच असल्याने उपाय लागू पडतो. महिना-दीड महिन्याच्या अंतराने पाच-सहा वेळा जावं लागतं, एकदा जाऊन भागत नाही. हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा, ब्युटी पार्लरमध्ये नको.

क्षारसूत्राला मी नावं ठेवत नाही. सुश्रुतांनी नाडीव्रणाच्या, म्हणजे आत वाट पडून वाहणाऱ्या जखमेच्या, प्रकारांत शल्यामुळे, म्हणजे आत राहिलेल्या परक्या वस्तूमुळे होणारा प्रकार वेगळा सांगितला आहे, आणि इथे ते शल्य म्हणजे केस. विसाव्या शतकात बनारसला प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा वाटेत ओवून दर आठवड्याला बदलत नेतात, तो हळूहळू वाट कापत आणि भरत जातो. दाखल व्हावं लागत नाही. वेदना सोसावी लागते आणि काही आठवडे सातत्य लागतं. शल्यतंत्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य असेल तर साध्या सायनससाठी विचार करा. भगंदरात त्याचं काम जास्त चांगलं आहे. पण तेही घळ उथळ करत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत फ्लॅपच्या, म्हणजे शेजारची कातडी सरकवून बसवण्याच्या, ऑपरेशनकडेच झुकतं.

फ्लॅप म्हणजे कॅरिडाकिस, क्लेफ्ट लिफ्ट किंवा लिंबर्ग. लिंबर्गमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा भाग काढून शेजारची कातडी-चरबी वळवून त्या जागी बसवतात. आपल्याकडे तो सर्वांत जास्त होतो आणि चांगलाच आहे, फक्त व्रण मोठा राहतो आणि काही महिने तो भाग बधिर वाटतो. सर्जनला एवढं जरूर विचारा: खालचं टोक मधल्या रेषेवर येणार की बाजूला? फ्लॅप उत्तम जमलेला असतो आणि तरी खालच्या टोकाशी, गुदद्वाराजवळ, जिथे घाम आणि ओल जमते, तिथे अर्धा सेंटिमीटर टाका उघडतो आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. ते टोक एक-दोन सेंटिमीटर बाजूला नेण्याची सुधारित पद्धत आहे. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, हेही विचारायला लाजू नका. चांगल्या सर्जनला त्या प्रश्नाचा राग येत नाही. खर्चाची अडचण असेल तर दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, डेरवणचं वालावलकर रुग्णालय यांपैकी जे सोयीचं तिथे दाखवा आणि सरकारी योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

कधी करायचं? मासळीच्या धंद्यातल्या माणसाला मी जूनचाच सल्ला देतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर, टेम्पोला भाडं कमी. पावसाळ्यात जखम चिघळेल अशी लोकांना धास्ती असते, आणि दमट हवेत ड्रेसिंग ओलं राहतं हे खरं आहे. पण मे महिन्यात सीझनमध्ये घाईघाईने करून आठव्या दिवशी स्टेअरिंगला बसणारा माणूस टाके उसवूनच परत येतो. ओल आवरता येते, विश्रांती दुसरीकडून आणता येत नाही. लग्न दिवाळीनंतर असेल तर हा हिशेब आणखी नीट बसतो. फ्लॅपनंतर दोन आठवडे पालथं किंवा कुशीवर झोपणं, थेट बसणं टाळणं, उकिडवं बसायचं नाही. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. दुचाकी आणि टेम्पो किमान चार ते सहा आठवडे बंद. त्या काळात सिगारेट, विडी, मिश्री, तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि फ्लॅपची कड काळी पडते, याहून स्पष्ट मला सांगता येत नाही.

जखम उघडी ठेवली असेल किंवा टाका उघडला असेल, तर घरचं ड्रेसिंग कसं करायचं हे कुणी नीट शिकवत नाही, म्हणून विस्ताराने लिहितो. आपल्याला स्वतःला ती जागा दिसत नाही, तेव्हा आई, भाऊ, बायको, कुणीतरी एक माणूस ठरवा. पालथं झोपा, पोटाखाली उशी घ्या, खिडकीकडचा उजेड घ्या. त्या माणसाने साबणाने हात धुऊन एका हाताने कुल्ला बाजूला धरायचा. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढायचं नाही, उकळून कोमट झालेलं पाणी सोडून भिजू द्यायचं. मग मगने किंवा हँड शॉवरने साध्या पाण्याने जखम धुवायची. दोन मिनिटं धुवा, पुसू नका, टिपा. आता जवळून बघा: जखमेत किंवा कडेवर एखादा केस पडला आहे का? पडला असेल तर चिमट्याने उचला. रोजच्या ड्रेसिंगमधलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे. मग सलाइनमध्ये भिजवून पिळलेलं गॉज पोकळीत सैल ठेवा, कोंबू नका. कोंबलं की जखम भरत नाही, आणि काहीच ठेवलं नाही तर वरची कातडी आधी जुळून खाली पोकळी राहते. जखम तळापासून वर आली पाहिजे. रोज पेरॉक्साइडचा फेस काढू नका, नवीन येणारं लाल मांस त्याने मरतं. समुद्राच्या पाण्याने जखम बरी होते हाही समज सोडा. उघडी जखम घेऊन खाडीत किंवा समुद्रात उतरू नका.

बरं झाल्यावर केसांची शिस्त. वस्तरा फिरवू नका. ऑपरेशननंतर नियमित वस्तऱ्याने साफ करणाऱ्यांना आजार जास्त परतल्याचं अभ्यासात दिसलं आहे, कारण वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि टोकदार खुंट तयार होतात. लेझर होईपर्यंत दोन-तीन आठवड्यांनी ट्रिमरने घळीभोवती चारेक बोटं जागेतले केस कमी करून घ्या आणि लगेच आंघोळ करून पडलेले केस धुऊन टाका. पावसात कपडे वाळत नाहीत, ओलसर चड्डी अंगावर चढवली जाते. ती इस्त्री करून घाला, आणि टेम्पोत एक जास्तीची सुती चड्डी ठेवा. घामाने भिजली की बदला. पावडर टाकू नका, तिचे गोळे होतात. घळीत मऊ सुती कापडाची किंवा गॉजची एक घडी ठेवली तर घाम टिपला जातो.

गाडी सोडायला मी सांगत नाही, पोट त्यावर आहे. पण बसण्याची पद्धत बदला. लांब पल्ल्याला आपण हळूहळू पुढे घसरतो, पाठ गोल होते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. मागे सरकून ताठ बसा, म्हणजे भार बसायच्या हाडांवर राहतो. दर तासाभराने टायर बघण्याच्या निमित्ताने का होईना, खाली उतरून दोन मिनिटं चाला. घाटात खड्ड्यांतून वेग कमी ठेवा.

मासे बंद करू नका. माशाने पू होत नाही, उलट जखम भरायला प्रथिनं लागतात. बांगडा, अंडं, कुळथाचं पिठलं, डाळ, सगळं खा. तिखट कमी-जास्त झाल्याने या आजाराला फरक पडत नाही. फक्त पोट साफ राहील एवढं बघा, कारण जखम ताजी असताना जोर लावावा लागला की टाक्यांवर ताण येतो. वजन वाढलेलं असेल तर उतरवा, घळ खरोखर उथळ होते.

तुम्ही पुरुष आहात आणि हा आजार पुरुषांना तीन-चार पट जास्त होतो. पण एसटीने रोज दीड-दोन तास कॉलेजला जाणाऱ्या मुलीही माझ्याकडे येतात, आणि त्या बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्ष लपवून मग येतात. जागा अशी की आईलाही सांगवत नाही. घरात बहीण असेल, तिने कधी बसताना उशी मागितली तर विचारा, आणि बाई डॉक्टरकडे न्या. सुरुवातीलाच दाखवलं तर छोट्या प्रक्रियेत भागतं.

लग्नाचं विचारलंत. हा आजार संसर्गाने जोडीदाराला होत नाही, मूल होण्याशी याचा संबंध नाही, शारीरिक संबंधांना जखम भरल्यावर काही अडचण नाही. मुलीला सांगा. तिला स्पष्ट शब्दांत सांगा की पाठीच्या खाली केसामुळे गळू होतं, ऑपरेशन झालं आहे किंवा व्हायचं आहे. लपवलंत तर पुढे ड्रेसिंगला तिचीच मदत घ्यायची वेळ आली की अवघड होऊन बसतं. जूनमधलं ऑपरेशन ठरलं तर आधी महिनाभर तंबाखू सोडा, मागचे कागद आणि अहवाल एका पिशवीत घाला, आणि मे संपायच्या आत एकदा सर्जनला दाखवून तारीख घेऊन ठेवा.